अकरा मिनिटं मंद चाल

लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर. मूठ कानाला लागून लागून काळी पडलेली.

घरातल्या टीव्हीचा आवाज गेल्या वर्षी दहावर असायचा. आता बावीसवर.

ऑइलचा एक फिल्टर, मधोमध कापलेला. आतल्या कागदाच्या घड्यांत चंदेरी चमचम, माशाच्या खवल्यांसारखी.

पत्र्याच्या कपाटात तीन चिठ्ठ्या, घडी घालून पिन मारलेल्या. एकीचीही पिन निघालेली नाही.

बहीण भावाला फोन करते. भाऊ उचलत नाही.

तर या सगळ्याच्या मधोमध कानमिस्त्री उभा होता. शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधायची हा त्याचा धंदा. चालत्या इंजिनावर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून सांगायचं, ‘तिसऱ्याचा व्हॉल्व्ह ढिला आहे.’ उघडून बघावं तर तिसऱ्याचाच. तीस वर्षं हे असं. हात काय, दहा जणांचे चालतात. कान त्याचा एकट्याचा. म्हणून नावही तेच पडलं.

त्या वर्षी त्याची तीन इंजिनं ओळीने बसली. तिन्हींत नवा कॅमशाफ्ट होता, व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा. कंपनीचा नव्हे, मेहुण्याने आपल्या कारखान्यात घासून दिलेला. उंचवटे जास्त उंच, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडतो, गाडी जास्त पळते. शंभर-दीडशे किलोमीटरमध्ये ते उंचवटे वापरलेल्या साबणाच्या वडीसारखे झाले, चुरा फिल्टरमध्ये. कानमिस्त्रीचं निदान एका शब्दात होतं: मऊ. मेहुण्याने लोखंड नीट कडक केलेलं नाही. तसं त्याने शर्यतीच्या क्लबला लिहूनही दिलं. क्लबने फळ्यावर कागद लावला, शुक्रवारी निर्णय होईपर्यंत या कारखान्याचा कॅमशाफ्ट कुणी बसवू नये. मेहुण्याचं ग्राइंडर गप्प झालं. त्याच्यावर प्लास्टिकचा कागद आला.

बुधवारी दुपारी मेहुणा स्वतःच गॅरेजात आला. हातात तिसऱ्या इंजिनातून काढलेला शाफ्ट, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

“दाजी, बसू का? का गुन्हेगाराने उभंच राहायचं?”

“बस की. खुर्ची कडक आहे, तुझ्या लोखंडासारखी नाही.”

मेहुणा हसला नाही. त्याने खिशातून कानस काढली आणि एका न झिजलेल्या उंचवट्यावर जोर लावून घासली. कानस काचेवरून जावी तशी सटकली. ओरखडा म्हणून नाही.

“हे मऊ?”

“मग बाकीचे झिजले कसे? मी चाटले?”

“उपाशी राहून झिजले. नवा कॅम आणि त्याला टेकलेला नवा टॅपेट म्हणजे नवा संसार, दाजी. पहिल्या वीस मिनिटांत घासून घासून जमवून घेतात, नाहीतर एकमेकांना खातात. तेवढा वेळ वरून ऑइल हवं. आणि ते उडतं कधी? खालचा क्रँक जोरात फिरला तर. म्हणून चावी फिरवली की फेऱ्यांचा काटा थेट अडीच हजारावर. मंद चालीवर सोडायचंच नाही. त्यात या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा राक्षसासारख्या दाबतात. शाफ्टबरोबरच्या चिठ्ठीत लिहिलंय सगळं.”

“तुझ्या चिठ्ठ्या वाचून इंजिन बांधू? तू चड्डीत फिरत होतास तेव्हापासून बांधतोय मी.”

“बांधता हो. मंद चालीवर ऐकलंत किती वेळ?”

“दोन मिनिटं. नेहमीसारखी.”

“दोन एखाद्या वेळी निभावतील. पण दोनच?”

“घड्याळ लावून बसलो होतो का मी?”

दारात बायको जेवणाचा डबा घेऊन उभी होती. किती वेळ, कोण जाणे. तिने डबा बाकावर ठेवला आणि शेजारी मोबाइल ठेवला. तिसरं इंजिन पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा तिने व्हिडिओ काढला होता, भावाला पाठवायला. पाठवायच्या आतच वितुष्ट आलं. आता तिने तो सुरू केला.

पहिलं मिनिट. इंजिन मंद घुमतंय. मिस्त्री मूठ उजव्या कानाला लावतो, डोळे मिटतो.

दुसरं. इथे त्याचा हात वर जायला हवा. हात वर म्हणजे मदतनिसाला खूण: पुरे, आता वेग दे. जात नाही.

चौथं. मूठ डाव्या कानावर.

सहावं. परत उजव्यावर. कपाळाला आठी. बायकोचा आवाज, “अहो, झालं का?”

नववं. “अहो!” ती दोन पावलांवर आहे. तो वळत नाही.

अकरावं. हात वर.

जिंकायला आलेला मेहुणा जमिनीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “कधीपासून?”

“काय?” कानमिस्त्री म्हणाला.

बायकोने व्हिडिओ बंद केला.

“दाजी, असू दे,” मेहुणा मोठ्याने म्हणाला, जरा जास्तच मोठ्याने. “क्लबला सांगतो, भट्टी कमी तापली, चूक माझी. मी दुसरं काहीतरी बघेन. तुमचं हे कळलं तर उद्या दारात गाडी येईल का?”

कानमिस्त्रीने फडकं घेतलं आणि स्क्रूड्रायव्हरची मूठ पुसायला लागला. पुसतच राहिला. काळं निघालं नाही. मेहुणा कधी गेला ते त्याला कळलं नाही. डबा तसाच राहिला.

गुरुवारी सकाळी तो कोरा कागद घेऊन बायकोजवळ बसला. एरवी लिहायचं काम तिचं, पण तक्रार त्याने स्वतः लिहिली होती. त्या दिवशी तिने पेन खाली ठेवून दिलं होतं.

“आज लिहिशील?”

तिने पेन उचललं. “काय लिहू?”

“तक्रार मागे घेतो. शाफ्ट चांगला होता. इंजिन अकरा मिनिटं मंद चालीवर राहिलं.”

“का राहिलं, असं विचारतील.”

त्याने खिळ्यावरच्या स्क्रूड्रायव्हरकडे पाहिलं. मग म्हणाला, “लिही, उजव्या कानाने ऐकू येत नाही. डाव्याचा भरवसा नाही.”

तिने लिहिलं. त्याने सही केली, नेहमीची झोकदार नाही, शाळेतल्यासारखी एकेक अक्षर. सही वाळेपर्यंत बाहेर कुणीतरी दोनदा हॉर्न वाजवला. तिने त्याच्या दंडाला हात लावला तेव्हा तो उठला. स्क्रूड्रायव्हर खिळ्यावरच राहिला.

कपाटातल्या त्या तिन्ही चिठ्ठ्या बायकोनेच लिहून दिल्या होत्या. तिच्या भावाचं अक्षर कुणाला लागत नसे.