इस्त्रीतलं पाणी

घड्याळजींनी उभ्या हयातीत गावभरची बंद घड्याळं चालू केली होती, आणि आता एका वाफेच्या इस्त्रीने त्यांच्या नाकी नऊ आणले होते. लेक दातांच्या दवाखान्यात कामाला. तिचा पांढरा कोट सकाळी इस्त्रीखाली जाई आणि तपकिरी डाग घेऊन बाहेर येई.

"बाबा, नवी घेऊ या," लेक म्हणाली. "आणि आईला डॉक्टरांना दाखवू या. काल परत गॅस चालूच ठेवला होता तिने."

"इस्त्रीचा आणि आईचा काय संबंध?" घड्याळजी उखडले. "वय झालं की माणूस विसरतंच. मी नाही चष्मा शोधत घरभर? इस्त्रीत क्षार साचलेत. बाकी या घरात सगळं ठीक आहे."

एवढं बोलून बसल्यावर इस्त्री दुरुस्त करणं आलंच. दुपारी त्यांनी टाकी रिकामी केली. लालसर पाणी निघालं. बघा, म्हटलं नव्हतं? मग निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर भरून इस्त्री तापवली, जुन्या टॉवेलवर वाफ सोडली, कापसाच्या काडीने तळाची भोकं कोरली आणि साध्या पाण्याने खळखळून धुतली. शेवटच्या वाफेला टॉवेल पांढराशुभ्र राहिला. स्वारी खूश होऊन आडवी झाली.

सकाळी कोटाच्या खिशावर डाग.

मग पाणी बदललं. उकळून गार केलेलं भरलं. तरी डाग. धुऊन झाल्यावर इस्त्री खोलून पाहिली, आतून लख्ख. गडद निळ्या टाकीतून काही दिसेना, आणि रोज दुपारी स्वच्छ केलेली इस्त्री सकाळपर्यंत घाण कशी होते, हे कळेना.

"वास पण कसलातरी येतोय," लेक म्हणाली.

"व्हिनेगरचा," घड्याळजींनी ठोकून दिलं. पेट्रोलमध्ये घड्याळं धुऊन धुऊन त्यांचं नाक केव्हाच कामातून गेलं होतं. पण आता त्यांना स्वतःच्या हातांचीच शंका यायला लागली. आपण खरंच धुतली का? की धुतली असं नुसतं वाटलं? डोकं पार भंजाळून गेलं.

"चहा घेतलात ना?" बायकोने आतून विचारलं. मघाशीही तिने हेच विचारलं होतं.

"हो, हो," ते मान वर न करता म्हणाले. चहा कुठे होता कोण जाणे.

दुसऱ्या दुपारी त्यांना झोप लागेना. स्वयंपाकघरात गाळणी वाजली म्हणून ते उठून गेले. बायको ओट्याशी उभी होती. इस्त्रीच्या इवल्याशा तोंडावर गाळणी धरून ती भांड्यातला कोरा चहा ओतत होती. एक थेंब सांडला नाही. मग तिने झाकण लावलं, इस्त्री उभी ठेवली आणि बटण दाबलं.

"अगं, हे काय करतेस?"

"तुमचा चहा." ती त्यांच्याकडे, काय खुळा प्रश्न आहे, अशा नजरेने पाहत होती. "घड्याळात डोकं घातलं की चहाचं गार पाणी करता, आणि वर माझ्यावरच ओरडता. यात गरम राहतो."

तिच्या चेहऱ्यावर शंकेचा मागमूस नव्हता. क्षणभर घड्याळजींना वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. गेली कित्येक वर्षं इस्त्रीतूनच चहा येत असेल आणि आपण कधी पाहिलंच नसेल. मग त्यांना भीती वाटली.

त्यांनी बटण बंद केलं, कप घेतला आणि इस्त्री कलती केली. चहा आंबट होता.

"गरम आहे ना?"

"चटका बसतोय," ते म्हणाले, आणि कप रिकामा केला.

संध्याकाळी लेक आली तेव्हा इस्त्री टेबलावर होती, धुऊन पुसून, वायर नीट गुंडाळलेली.

"सापडला का बिघाड?" तिने चपला काढता काढता विचारलं.

"इस्त्री चांगली आहे," घड्याळजी म्हणाले. "तू त्या डॉक्टरांची वेळ घे. मीही येतो."