मेथीवरचा मांडव

माणिकबाईनं साडीचं टोक दातात धरलं आणि लगेच थू करून सोडून दिलं. कोऱ्या कापडाची खळ जिभेला चिकटली. वर रॉकेलसारखा वास.

"शी! नेसायच्याही लायकीचं नाही, चावायच्याही नाही," ती स्वतःशीच म्हणाली आणि सुतळी हातानंच आवळली.

घरामागच्या वाडीत तिनं भाजीचे वाफे केले होते. प्रत्येक वाफ्यावर बांबूच्या कामट्या वाकवून कमानी रोवायच्या, त्यांवर साडी ताणायची, काठावर विटा दाबायच्या, की झालं छत. चैत्रातलं वऱ्हाडचं ऊन कोवळ्या पानाला दुपारपर्यंतही जगू देत नाही, आणि उन्हातून काही वाचलंच तर वांदरं आहेतच. पुण्याहून मुलगा, अमोल, फोनवर म्हणाला होता की अकोटात हिरवी जाळी विकत मिळते, ती आण. माणिकबाईनं त्याला तिथल्या तिथं उडवून लावलं होतं.

"घरात कपाटभर कापड सडून रायलं, बाप्पा. जाई कायले घेऊ?"

कपाटभर म्हणजे खरोखरच कपाटभर. दिवाळी झाली आणि माणिकबाईचे यजमान नत्थुजी गेले. तेरवीला जो आला तो तिच्यासाठी साडी घेऊन आला, आणि सगळ्यांनी जणू एकाच दुकानातून एकमेकांना विचारून आणल्या होत्या: राखाडी, बिस्किटी, धुवट निळी, सरकारी दवाखान्याच्या भिंतीसारखी हिरवट. पांढरं नेस असं आताशा कुणी म्हणत नाही. लोक सुधारले आहेत. आता म्हणतात, तुला शोभेल अशी आणली. आयुष्यभर जिनं राणी रंगाशिवाय सणाला दुसरा रंग नेसला नाही, तिला काय शोभतं हे तेरवीच्या पंगतीत बसलेल्या सगळ्यांना बरोबर ठाऊक होतं. माणिकबाईनं चार महिने त्या नेसून पाहिल्या. आरशात बघितलं की आपण पुसलेल्या पाटीसारख्या दिसतो, असं तिला वाटायचं. मग एके दिवशी तिला त्यांचा असा वीट आला की कपाट उघडताना ती तोंड फिरवू लागली.

पण कापड पातळ होतं. उजेड आत येऊ द्यायचं आणि ऊन बाहेर ठेवायचं. त्या साड्यांच्या जन्माचं सार्थक मेथीवर झालं.

शेजारच्या तानुबाईनं कुंपणावरून वाकून पाहिलं तेव्हा पदराआड हसत विचारलं होतं, "काय वं माणिक, मांडव घातला काय? लगन कोनाचं हाय?"

"मेथीचं," माणिकबाई म्हणाली होती. "पालकासंग पयून चालली होती, म्हटलं लावून देऊ."

शेवटचा, कोथिंबिरीचा वाफा तेवढा उघडा राहिला होता. कमानी रोवून झाल्या होत्या, साड्या मात्र संपल्या. पलीकडच्या वाफ्यावरची साडी जरा सरकवता येते का, हे ती बघत होती, तोच पुढच्या दारातून आवाज आला.

"बाई, हायेस काय घरात?"

धाकटा भाऊ गोवर्धन. थोरल्या बहिणीला तो लहानपणापासून बाईच म्हणायचा. दर्यापूरकडून जीपनं आला होता, रुमालानं मान पुसत होता. माणिकबाईनं हात धुतले आणि चहा टाकला. तिच्या अंगावर जुनी, विटकी, पण डाळिंबी साडी होती. गोवर्धननं ती एकदा पाहिली आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसला.

त्यानं पत्रिका काढली. त्याच्या लेकीचं, प्रणालीचं, लग्न वैशाखात होतं. प्रणाली हे नाव माणिकबाईनंच पाळण्याशी वाकून पोरीच्या कानात सांगितलं होतं. आत्याचाच मान तो.

"देवाले ठेवली, आन् मंग पहिली तुले," गोवर्धन म्हणाला.

पत्रिकेपाठोपाठ पिशवीतून एक पुडकं निघालं.

"तुया वयनीनं निवडलं. तुले शोभन असं."

बिस्किटी. काठ नावाला. माणिकबाईनं ते मांडीवर घेतलं. वास तोच होता.

"आन् बाई, ते हयद," गोवर्धन बशीत चहा ओतत म्हणाला. "वयनी म्हने घेऊनच या. इकतच्या हयदीत रंग कालवतात."

माणिकबाईचा चेहरा पहिल्यांदा उजळला. ती हळद याच वाडीतली. गेल्या ज्येष्ठात प्रणालीची सोयरीक जुळत होती, तेव्हा नत्थुजींनी हौसेनं बेणं आणलं होतं. पोरीच्या मांडवाला घरची हळद, म्हणाले होते. दोघांनी मिळून लावली. खणायला मात्र ती एकटीच उरली. तिनं ती उकडली, गच्चीवर वाळवली, गिरणीवाल्याला चक्की आधी पुसायला लावून दळून आणली.

"तू कायले ओझं नेतं?" ती म्हणाली. "मीच आनीन ना मांडवाच्या दिवशी."

गोवर्धननं बशी खाली ठेवली. पुन्हा उचलली. बशी रिकामी होती.

"मांडवाच्या दिवशी कायले दगदग करतं तू? ऊन केवढं हाय. जीपाईले गर्दी. लग्नाच्या दिवशी सरळ ये, अक्षता टाक, जेव."

"म्हंजे हयदीले येऊ नको."

"तसं कोन म्हनते? पन चार लोकं असतात, बाई. नवरदेवाकडचेही येतीन. कोनी काई बोललं तं तुलेच वाईट वाटीन. तुयासाठीच म्हनतो."

राग आला असता तर बरं झालं असतं, दोन शब्द बोलून मोकळी झाली असती. पण तिला राग आलाच नाही. भाजी खाताना ताटात अर्धीच अळी दिसावी, तसं तिला झालं. आपली हळद चालते. ती लावणारे, खणणारे, दळून आणणारे हात तेवढे चालत नाहीत. आणि सांगायला आला कोण, तर ज्याचं नाक आपण पदरानं पुसलं तो.

ती उठून आत गेली. हळदीचा डबा आणून तिनं ओट्यावर ठेवला. गोवर्धननं हायसं वाटून पिशवीचं तोंड उघडलं. माणिकबाईनं डब्याला हात लावला नाही. तिनं मांडीवरून बाजूला ठेवलेलं साडीचं पुडकं उचललं, फाडलं आणि मागच्या दाराकडे निघाली.

"चाल, हात लाव जरा."

वाडीत आल्यावर गोवर्धन दारातच थबकला. वाफ्यांवर ओळीनं साड्या ताणलेल्या होत्या, वाऱ्यानं फुगत होत्या. एका साडीच्या काठापाशी तो वाकला.

"हे... हे तं आमचं. तेरवीचं."

"व्हय. तुमचं मेथीले देलं. मामेसासूचं पालकाले, जावेचं टमाट्याले. कोनाले नाराज नाई केलं."

"अवं पन लोकं पायतीन तं काय म्हनतीन?"

"म्हनतीन, माणिकची मेथी रांडावली."

गोवर्धननं कपाळावर हात मारायला उचलला आणि तसाच खाली घेतला. माणिकबाईनं नव्या साडीची घडी झटकून मोडली आणि एक टोक त्याच्या हातात दिलं. त्यानं ते धरलं. काय करावं न सुचून त्यानं बायकोनं निवडलेली साडी कोथिंबिरीवर ताणली, पायानं वीट सरकवली, कामटीला गाठ मारली. गाठ पक्की बसली. मग पुढच्या कामटीला.

"आन् हयद?" शेवटी त्यानं विचारलं.

"हयद येईन. मांडवाच्या दिवशी, मायासंग. एकटी ते कुठीच जात नाई."

गोवर्धन उकिडवा बसून होता. त्यानं मातीचं एक ढेकूळ उचललं, बोटांत चुरलं. आत ओट्यावर डबा तसाच होता, शेजारी त्याची रिकामी पिशवी.

"बरं," तो म्हणाला. नंतर तिच्याकडे न बघता, आवाज उतरवून म्हणाला, "ये मंग. फक्त लुगडं तेवढं फिकं पाहून नेसजो, बाई."

माणिकबाईनं शेवटची वीट काठावर दाबली. उठून कमरेवर हात ठेवले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे वाफे एकदा पाहून घेतले.

"कुठून नेसू, बाप्पा?" ती म्हणाली. "फिकं एकही नाई रायलं मायापाशी."