ताईंनी चादर दूर केली

"ताई, आत जाऊ नका. एकदा पाहिलंत, की मग पाहिलं नाही असं म्हणता येणार नाही," सचिव हळूच म्हणाला.

ताई शवागाराच्या दाराशी थबकल्या. उमेदीची सगळी वर्षं त्या वकील म्हणून कोठडीत मार खाल्लेल्यांसाठी भांडल्या होत्या. त्यापायी स्वतः तुरुंगातही जाऊन आल्या. त्याच पुण्याईवर निवडून आल्या, मंत्री झाल्या. आता पोलीसखातं त्यांच्याच हाताखाली होतं, आणि काल एक रंगारी कोठडीत मेला होता. 'हृदयविकार' असं अधिकारी सांगत होते. दुपारी ताईंना सभागृहात तेच सांगायचं होतं.

बाकावर रंगाऱ्याची आई बसली होती.

"माझ्या पोराला साधा तापसुद्धा कधी आला नाही हो. मला आत सोडत नाहीत. तुम्ही तरी बघा."

ताई आत गेल्या. चादर दूर केली. तळपाय काळेनिळे पडले होते. नखांत पांढरा रंग अजून तसाच होता.

बाहेर येतात तोच पक्षाध्यक्षांचा फोन. "कोठड्यांत कॅमेरे लावायचा तुमचा कायदा पुढच्या आठवड्यात येतोय ना? आज तोंड उघडलंत तर तो विसरा. गेला तो काही परत येणार नाही, ताई. पुढचे शंभर तरी वाचवा."

बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच ताईंना ते झटकून टाकता येईना. गाडीत त्यांनी खात्यानं लिहून दिलेलं निवेदन दोनदा वाचलं.

सभागृहात नाव पुकारलं गेलं. 'हृदयविकार' हा शब्द ओठांपर्यंत आला.

"तो मार खाऊन मेला," ताई म्हणाल्या. "मी डोळ्यांनी पाहिलंय. खातं माझं, जबाबदारी माझी."

स्वपक्षीयांनी माना खाली घातल्या. विरोधकांनी आनंदानं बाकं बडवली. ताईंना ते जास्त लागलं.

संध्याकाळी मंत्रिपद गेलं. कायदा बारगळला. मात्र दोन पोलिसांवर खटला उभा राहिला.

खटल्याच्या पहिल्या तारखेला ताई रंगाऱ्याच्या आईच्या वतीनं कोर्टात आल्या. काळा कोट खांद्यांत घट्ट होत होता. सकाळच्या पेपरात कोठडीतल्या आणखी एका मृत्यूची बातमी होती. ती त्यांच्या डोक्यातून जात नव्हती.

"ताई, मला बोलता येईल ना?" आईनं विचारलं.

"येईल. मी आहे ना."

पुकारा झाला. आईनं घाबरून त्यांच्या कोटाची बाही मुठीत धरली. ताईंनी ती सोडवून घेतली नाही. आईला तशीच सोबत घेऊन त्या न्यायाधीशांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.