कानातला फ्रीज

त्याने भाताचा घास तोंडात कोंबला आणि चमच्यानेच आईच्या उजव्या कानाकडे खूण केली.

"आज फ्रीज आला असता. डबल डोअर."

"काल वॉशिंग मशीन म्हणत होतास," बायको म्हणाली.

"कालचं काल. रात्रीतून कॉइन वर गेलंय." फोन त्याने पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता. पडद्यावर हिरवा बाण होता.

आईच्या कानाचं मशीन त्याने उन्हाळ्यात घेतलं, तेही फोनमधलं क्रिप्टोचं कॉइन देऊन. दुकानाच्या दारावर 'कॉइन चालेल' अशी पाटी बघून गड्याची छाती फुगली होती. फोन पुढे केला, टिंग झालं, आणि येताना रस्ताभर नोटांना नावं ठेवून झाली. मग कॉइन चढायला लागलं. तेव्हापासून घरात खर्च असा उरलाच नाही, जे दिलं ते नुकसान. न्हाव्याला कॉइन दिलं की आठवडाभर डोक्यावरून हात फिरवत हळहळायचा. पण केस निदान वाढतात. मशीन रोज समोर जेवायला बसायचं.

भाव पडला की मात्र हाच माणूस पाघळायचा. आई, नीट ऐकू येतंय ना, आई, काय हवं नको ते सांग. बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. दिवसभर थुंकीच्या डब्या आणि लघवीच्या बाटल्या हाताळून, हात धुऊन तिथेच डबा खायची, कधी मळमळलं नाही. नवऱ्याचा हा लाडिक आवाज ऐकला की मात्र तिला ढवळून यायचं. त्यापेक्षा टोमणे परवडले, असं तिला वाटे. एकदा वैतागून ती म्हणाली होती, मशीनचे पैसे माझ्या पगारातून घे आणि गप्प बस. त्यावर त्याने गंभीरपणे विचारलं होतं, "कुठल्या भावाने?"

"त्यांच्यासमोर तरी बोलू नकोस रे," ती आताही म्हणाली. "ऐकू येतं त्यांना."

"त्यासाठीच तर घेतलंय!"

स्वतःच्याच विनोदावर तो इतका हसला की तोंडातलं शीत टेबलावर उडालं. सासूबाईही हसल्या. बायकोने फडक्याने ते शीत पुसलं आणि फडकं सरळ कचऱ्यात टाकलं.

पुढेही कॉइन चढतच राहिलं. फ्रीजवरून तो स्कूटरवर आला. सासूबाई हल्ली जेवताना नुसत्या हसायच्या. भात वाढू का विचारलं तरी हसायच्या. त्यांनी मनाला लावून घेणं सोडलं असेल, बरंच झालं, असं बायकोने गृहीत धरलं.

मग एका सकाळी भाव धाडकन आपटला. तो ब्रश तोंडात घेऊनच बाथरूममधून बाहेर आला. साठवलेलं जवळजवळ सगळं मातीत गेलं होतं, पण चेहऱ्यावर दुःख म्हणावं तर तेही धड नव्हतं. तो आईच्या पलंगावर बसला आणि तिच्या खांद्यावर हात टाकला. हनुवटीवर पेस्टचा फेस ओघळत होता.

"आई, तुझ्यावर घातले तेवढेच वाचले बघ. बाकी सगळं गेलं. तुझंच काय ते सोनं झालं."

त्याचे डोळे खरंच भरून आले होते. दारातल्या बायकोला ते पाणी बघूनही शिसारी आली.

सासूबाई त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हत्या. त्या त्याच्या हातातल्या फोनकडे बघत होत्या. लाल बाण त्यांनी नीट निरखला. मग उशीखालून रुमालाची पुरचुंडी काढली, सोडली आणि मशीन तळहातावर त्याच्यापुढे धरलं.

"खाली गेलं ना रे?" ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा त्या मोठ्याने बोलल्या. "मग आता सेल मागू का? संपून बरेच दिवस झाले."

ते सेल कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये खोकल्याच्या गोळ्यांशेजारी टांगलेले असायचे. बायको रोज तिथूनच लॅबला जायची. लोकांच्या थुंकीतला रोग शोधणारी आपण, आणि ताटात वाढताना आपल्याला एवढंही दिसू नये! या खेपेला तिला स्वतःचीच किळस आली.

त्याने मनगटाने फेस पुसला.

"आई," तो जरा जोरात म्हणाला, "मी आत्ता काय म्हणालो, ऐकलंस का?"

सासूबाई हसल्या, रोज जेवताना हसायच्या तशाच.