चौदा मिनिटांची सुनावणी

तुरुंग खात्याचा प्रमुख गव्हर्नरने परस्पर नेमायचा नाही. सिनेटच्या समितीने त्याला समोर बसवायचं, प्रश्नांसाठी दोन तास राखून ठेवायचे आणि मगच मत द्यायचं, हा कायदा अमेरिकेतल्या आमच्या राज्यात मी आणला. सहा वर्षं भांडून आणला.

पहिलंच नाव आलं रसेल टिलटसनचं. तो ज्या तुरुंगाचा अधीक्षक होता, तिथे जुलैच्या उकाड्यात लोर्ना प्रुइटचा मुलगा कोठडीत मेला होता. लोर्ना माझ्या शाळेतली. तिने मला तीन प्रश्न कागदावर लिहून दिले.

"वेंडेल, विचारशील ना?"

"अगं, त्यासाठीच तर कायदा केलाय."

सुनावणीच्या सकाळी गव्हर्नरच्या माणसाने मला जिन्यात गाठलं. "दोन तुरुंग बंद करायचेत, सिनेटर. कुठले, ते टिलटसन ठरवणार. तुमच्याकडच्या तुरुंगात चारशे माणसं कामाला आहेत ना?" एवढंच बोलून तो गेला.

समितीत प्रश्न विचारायची माझी पाळी आली. लोर्ना तिसऱ्या रांगेत होती, चर्चला जाताना घालते तो निळा कोट घालून. तिचा कागद माझ्यासमोर उघडा होता. मी विचारलं, "आमच्या भागातल्या कर्मचाऱ्यांबद्दल आपलं काय मत आहे?"

"राज्यात त्यांच्या तोडीचं कुणी नाही," टिलटसन म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो. मग मतं घेतली. माझ्यासकट सातही जणांनी हो म्हटलं.

बाहेर लोर्ना उभी होती.

"वेळच मिळाला नाही गं."

"चौदा मिनिटांत आटोपलं, वेंडेल. दोन तास तूच ठेवले होतेस ना?"

तेवढ्यात टिलटसन आला आणि तिच्यादेखत माझा हात हातात घेऊन म्हणाला, "तुमचे उपकार विसरणार नाही." लोर्नाने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्या हाताकडे बघत होती.

आमचा तुरुंग चालू राहिला. गावात लोक माझी पाठ थोपटायचे आणि मला तिथून पळून जावंसं वाटायचं. शेवटी तिचे तिन्ही प्रश्न मी टिलटसनला पत्राने पाठवले. महिन्याने एका ओळीत उत्तर आलं: चौकशी पूर्ण झाली असून कोणीही दोषी आढळलेलं नाही.

ते घेऊन मी तिच्या घरी गेलो. तिने चष्मा लावून वाचलं आणि परत दिलं.

"हेच मला दोन वर्षांपूर्वी आलंय. तिथे, सगळ्यांसमोर, त्याला एवढ्यावर सुटता आलं नसतं. म्हणून तुला सांगितलं होतं."

मी दारातच उभा राहिलो.

"बस, कॉफी टाकते," ती म्हणाली.

मला बसवेना.