बर्फाची जीभ

"म्हाताऱ्याने परत जीभ काढलीय," एस्किल म्हणाला आणि चार नकाशे एकावर एक ठेवून त्याने बोर्गहिलच्या टेबलावर सरकवले.

म्हातारा म्हणजे कोणी माणूस नव्हे हो. नॉर्वेतल्या हामरफेस्टच्या त्या बर्फ-कचेरीत संगणकाची चार मॉडेलं होती, त्यातलं सगळ्यात जुनं ते. चौघं रोज सांगायची, उद्या समुद्रात बर्फ कुठवर येईल. त्यांचं खरंखोटं ठरायचं बोर्गहिलने हाताने काढलेल्या नकाशाशी ताडून. आज तिघांची रेघ सरळ. म्हाताऱ्याने मात्र ग्रीनलंडकडून भर समुद्रात लांबलचक जीभ काढलेली, वेडावून दाखवल्यासारखी.

"याला काढूनच टाकतो," एस्किल म्हणाला. साहेब असला तरी तो तिच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान. "पण हे शिकलं कुठून? तुझ्याच जुन्या नकाशांवर तर शिकलंय. आणि तुझे नकाशे काही चुकत नाहीत."

शुक्रवारी बोर्गहिल निवृत्त होणार होती. केकसुद्धा सांगून झाला होता. गप्प बसली असती तर निभावलं असतं.

पूर्वी ती जीभ दर हिवाळ्यात खरोखर यायची, नि तिच्यावर बोर्गहिलचा बाप सीलची शिकार करायला जायचा. सांगायचा, एका साली कॉफीची किटली बर्फावर विसरलो, पुढच्या साली गेलो तर कॉफी गरमच. साखरेच्या वड्या तेवढ्या सीलने पळवलेल्या. मग एका मार्चात तो जिभेवर उतरला तो परत आलाच नाही. आईने थडगं बांधलं नाही. त्यात ठेवणार काय?

"मीच शिकवलं त्याला," बोर्गहिल म्हणाली. "वीस वर्षं झाली. तीन हिवाळे नुसते ढग. उपग्रहाला खालचं काही दिसेना. मग दरसाल यायची तशी काढली."

"न बघता?"

"डोळे मिटूनही काढेन."

"अगं, आणि ती आलीच नसेल तर?"

"नव्हतीच आली. मला नंतर कळलं. पण खोडवेना."

एस्किल खुर्ची ओढून बसला. "म्हणजे आता तुझे सगळेच नकाशे तपासायला हवेत."

"तपास की. आधी केक खा."

तेवढ्यात फोन वाजला. मासेमारी बोटीचा कप्तान तोरलाइफ.

"बोर्गहिल, कालच्या अंदाजात तुमच्या एका मॉडेलने जीभ दाखवलीय. वळसा घालू का? दोन दिवस फुकट जातात बाई."

तिने आधी उपग्रहाचं ताजं चित्र बघितलं, मग आजच्या नकाशावर पेन्सिल टेकवली. हात सवयीने बाहेर वळला. तेवढं तिने खोडलं, फुंकर मारली, नि रेघ सरळ खाली आणली.

"सरळ जा," ती म्हणाली. "तिथे कोणी नाही."