न कापलेली बाही

मी एक जुना लोकरीचा कोट आहे आणि राहतो बीडमध्ये. हसू आलं ना मित्रांनो? यायचंच. जिथं चैत्रात अंगातला सदरासुद्धा जड होतो, तिथं लोकरीचा कोट कुणाच्या कामाचा? पण माझं गाऱ्हाणं आधी ऐका, मग काय ते ठरवा.

माझा जन्म सहकारातला. एका साखर कारखान्याच्या संचालकांचा परदेशात अभ्यासदौरा ठरला, तेव्हा सुंदरराव नावाच्या संचालकांनी मला शिवून घेतलं. "ऐसपैस शिव, जेवल्यावरबी बटन लागलं पायजे," असं त्यांनी शिंप्याला बजावलं होतं. लागलं. तिकडं साहेबांनी कशाचा अभ्यास केला ते मला कळलं नाही. माझ्या खिशात तरी हॉटेलातल्या साबणाच्या वड्यांशिवाय काही आलं नाही. परतल्यावर सत्कार झाले, हार पडले, लोकांनी माझं कापड चिमटीत धरून वाखाणलं. मग मी डांबरगोळ्यांच्या सोबतीनं पेटीत गेलो तो वर्षानुवर्षं तिथंच.

शेवटी त्यांच्या पत्नी बायनाबाईंनी मला बाहेर काढलं आणि बीडमधल्या एका महिला संस्थेला देऊन टाकलं. ऊसतोड करणाऱ्या बायकांनी उभी केलेली ती संस्था. बायकांच्या हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रसंघाच्या मोठ्या सभा भरतात, देशोदेशीची सरकारं तिथं बोलतात आणि सगळ्यांच्या मागून आमच्यासारख्या संस्थांनाही चार मिनिटं बोलू देतात. या सभा नेमक्या थंडीच्या गावी. संस्थेकडं कोट एकच. जी बाई जाईल तिच्या अंगावर मी.

पहिली बाई उंच होती. दुसरी बुटकी निघाली. तिनं माझ्या बाहीला कात्री लावायला घेतली आणि तिचाच हात थांबला. म्हणाली, "माझ्यामागून उंच बाई आली तर?" मग तिनं बाही आत मुडपली आणि टाके घातले. तेव्हापासून संस्थेचा नेमच झाला: कोट कापायचा नाही, मुडपायचा.

मग ते दुष्काळाचं साल आलं. ऊस उभ्या जागी वाळला, कारखाने लवकर बंद पडले आणि तोडीला गेलेली माणसं वेळेआधीच गावी परतली. त्या साली सभेला जायला जाईबाईची निवड झाली. धर्मापुरीजवळच्या एका वस्तीवरची ही बाई. आयुष्यभर ऊस तोडून तिनं डोक्यावर मोळ्या वाहिलेल्या. पोटात बाळ वाढतं ती पिशवी, डॉक्टरनं भीती घालून तिची ऐन तरुणपणी काढून टाकली होती. कितीतरी तोडणीवाल्या बायकांचं असंच झालेलं. तेच तिला जगापुढं सांगायचं होतं. लिहिता येत नव्हतं, म्हणून तिनं भाषण तोंडपाठ केलं. भाकरी थापताना सुरू करायची आणि तवा उतरेपर्यंत संपवायची. "माझं नाव जाईबाई. मी ऊस तोडते. मला पंचविशीतच म्हातारी केली." इथपर्यंत आली की थाप चुकायची.

न्यूयॉर्कच्या त्या सभागृहात जाईबाई आणि संस्थेच्या सचिव शिवकन्याताई मागच्या रांगेत बसल्या. जाईबाईनं बोलायचं आणि ताईंनी ते इंग्रजीत सांगायचं, असं ठरलं होतं. सरकारांची भाषणं काही लवकर आटपेनात. आमच्याआधी अजून तिघांची नावं होती, आणि तेवढ्यात माझ्या आतल्या खिशातला फोन थरथरला.

जाईबाईनं वरून हात दाबला. फोन थांबला आणि पुन्हा थरथरला. मग तिसऱ्यांदा. माझ्या अस्तराला तिच्या काळजाचे ठोके लागत होते. ती उठली आणि बाहेरच्या लांब ओसरीसारख्या जागेत गेली.

फोनवर तिची सून होती, पंचशीला. तिकडं गावी रात्रीची जेवणं आटपायची वेळ.

"आत्या, मला उद्या सकाळी दवाखान्यात न्यायलेत. पिशवी काढायची म्हनतेत."

"कोन म्हनतंय?"

"डाक्टर म्हनला, न्हाई काढली तर कॅन्सर व्हईल. बंकट मुकादमानं गाडीबी सांगितलीय."

"आन तुला काय वाटतंय?"

"मला न्हाई काढायची. पर माझं कोन ऐकतंय इथं?"

"भारतला दे."

भारत जाईबाईचा मुलगा. त्यानं फोन घेतला तो घुश्शातच. "माय, तू तिकडं जगाला भाषन कर. घरचं मी बघतो."

"घरचंच भाषन करायला आलेय रे मी हितं."

दार उघडून शिवकन्याताई धावत आल्या. "जाईबाई, आता एकच नाव राहिलंय. मग आपण. चला लवकर."

जाईबाईनं नुसता तळवा वर केला. ताई जागीच थांबल्या.

"भारत, मला नेलं तवा मी पंचईस वर्साची व्हते. तवाबी डाक्टरनं असंच भ्या दाखिवलतं, तवाबी मुकादमच गाडी घिऊन आलता. तवापून माझी हाडं मोडल्यावानी दुखतेत, अंगाची आग व्हते. तू ल्हानपनी रोज सांजंला माझं पाय दाबायचास. ते कावून, कवा इचारलंस का?"



"माय, तिचं पोट लई दुखतंय," तो म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "पुढल्या हंगामात तिचे खाडे पडले तर बंकट आमाला घेनार न्हाई. मग खायाचं काय?"

मित्रांनो, तोडणीला मजूर नेणारा मुकादम नवरा-बायको मिळून एक कोयता धरतो. पाळीच्या दिवसांत बायको पडून राहिली की नवऱ्याचंही काम अर्धं होतं. बंकटनं धरलं होतं ते नेमकं हेच वर्म.

"पोट दुखतंय तर पोटाला औशीद दी. सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डाक्टरला दाखीव." बोलता बोलता जाईबाई माझ्या बाहीची मुडप चाचपत होती. "माझ्या अंगात लोकाचा कोट हाय. बाह्या लांब झाल्या. म्या त्या कापल्या न्हाईत, मुडपल्या. येकदा कापलं की जोडता येत न्हाई. निर्जीव कापडाचा आमी येवढा इचार करतो, आन तू जित्या बाईला चाकू लावायला निगालास? ती न्हाई म्हनतीय, ऐकायलास का?"

खट् करून फोन बंद झाला. त्यानं ठेवला की तुटला, कळलं नाही.

आत कुणीतरी आमच्या संस्थेचं नाव पुकारलं. पुन्हा एकदा पुकारलं. मग दुसऱ्या कुणाचं.

"ताई, आपला नंबर गेला व्हय?"

"गेला."

"इतक्या लांब आले आन मुकीच ऱ्हायले."

"मुक्या कुठं?" शिवकन्याताई म्हणाल्या. "मी ऐकलं की." त्यांनी माझी कॉलर नीट केली. काही कारण नसताना.

मग फोन लागेना. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. संस्थेचं म्हणणं लेखी देऊन आम्ही परत निघालो. विमानात लोक झोपले होते. मला मात्र ठाऊक होतं की ही बाई डोळे मिटून जागी आहे, कारण तिच्या मुठीत माझं बटण होतं आणि मूठ काही सैल होत नव्हती.

धर्मापुरीला एसटीतून उतरलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं, आणि मी अजून तिच्या अंगातच. काढायची शुद्ध कुणाला? भारत फाट्यावर एकटाच उभा होता. त्यानं पिशवी घेतली आणि मुकाट पुढं चालू लागला.  चालता चालता जाईबाईनं विचारलं.

"पंचशीला कुठंय?"

"टँकर आलाय. पान्याला गेलीय."

जाईबाई थांबली.

"म्या म्हनलं, तू पडून ऱ्हाय, मी जातो. तर म्हनली, तू मायला आन, मी माझी धडधाकट हाय." त्यानं मागं वळून पाहिलं नाही. "गाडी परत लावली म्या. सरकारी डाक्टरनीनं गोळ्या दिल्यात. कॅन्सर बिन्सर काय न्हाई म्हनली."

जाईबाई तिथंच रस्त्याच्या कडेला, बाभळीखाली, मातीत बसली. माझ्यासकट. सुंदररावांनी पाहिलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे. मला मात्र सत्कारातल्या हारांपेक्षा ती माती बरी वाटली.

बंकटनं अर्थातच दुसरा कोयता धरला. ते वर्ष त्यांनी कसं काढलं ते त्यांचं त्यांना माहीत. गावात लोक म्हणायचे, "अमेरिकेला गेली आन मुकी आली." जाईबाई हसून म्हणायची, "हां बाबा, फोनवर तेवढी बोलले."

आता मला कसर लागली आहे. कोपरावर लोकर विरली आहे. मधली बरीच वर्षं मी संस्थेच्या कपाटात मोडक्या पंख्याखाली दबून होतो. पण परवा पुन्हा सभेचं बोलावणं आलं, आणि या वेळी नाव निघालं पंचशीलाचं.

ती सासूपेक्षा उंच आहे. तिनं मला घातलं तर बाह्या मनगटाच्या वरच राहिल्या. मग ती दारात बसली आणि सुईच्या टोकानं सासूचा एकेक टाका उसवू लागली. जाईबाई शेजारी बसून दोरा ओढून देत होती.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. वर्षातून एकदा ऊन दाखवा, झटकून ठेवा. आणि आपल्याला मोठी होते म्हणून कुठली वस्तू कापू नका, मुडपून ठेवा. मागून कोण येणार आहे, आपल्याला काय ठाऊक.

मुडपलेलं कापड बाहेर आलं तेव्हा ते नव्यासारखं गडद होतं. पंचशीलानं हात लांब केला.

बाही पुरली.